गच्चीवरची डासबत्ती

पोरी, कोल्हापुरात रंकाळ्याच्या अंगाला घर बघितलंस, वर अख्खी गच्ची मिळाली, वारा मिळाला. आता संध्याकाळी तिथं पाय हलवत बसायचं की पाय खाजवत, एवढंच ठरायचं राहिलंय. बाजारात डासांसाठी म्हणून वासाच्या मेणबत्त्या मिळतात, काचेच्या नक्षीदार भांड्यातल्या. त्यात निम्मे पैसे भांड्याचे आणि निम्मे नावाचे. घरी केलीस तर मेणाच्या भावात होते, आणि गच्चीवर रस्सा मंडळ बसेल त्या रात्री चार-सहा एकदम लावायलाही जीव कचरत नाही.

पण मेण आणायला निघण्याआधी एक ऐकून घे. ही मेणबत्ती डासाला थोडी हुसकावते, मारत अजिबात नाही. 1996 साली छापून आलेल्या कॅनडातल्या एका चाचणीत सिट्रोनेला गवताच्या तेलाच्या मेणबत्त्यांजवळ थांबलेल्या माणसांना चावे साधारण 42 टक्के कमी आले. 2017 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीनं डेंग्यूचा डास घेऊन चाचणी केली, त्यात तिचा काही उपयोग दिसला नाही. दोन्ही खरं धरून चालायचं. तास-दोन तासांच्या बैठकीला ती सोबत म्हणून बरी. तिच्या भरवशावर डेंग्यूशी दोन हात करायचे नाहीत. म्हणून माझ्याकडं शिकायला आलीस तर मेणाआधी मी तुला बादली घासायला लावणार. तोंड वाकडं करू नकोस.

आधी पाणी

1. आठवड्यातला एक वार ठरव आणि त्या दिवशी पिंप, बादल्या, कूलर सगळं रिकामं करून कोरडं कर — उबेच्या दिवसांत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तू त्याच्या आधी पोचायचंस.

2. नुसतं पाणी ओतून मोकळी होऊ नकोस, पिंपाची आतली कड काथ्यानं खसाखसा घास — डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर चिकटून बसतात, कोरडी राहून महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात.

3. कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि गच्चीच्या कोपऱ्यात मागच्या भाडेकरूनं टाकलेला टायर, या जागा आधी बघ — हा डास गटारापेक्षा स्वच्छ पाण्याला भुलतो, आणि बाटलीच्या झाकणाएवढं पाणीही त्याला पुरतं.

4. पाणी दिवसाआड येत असेल तर साठवावंच लागणार. मग पिंपाच्या तोंडावर जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून दोरीनं बांध — झाकण तिरकं बसतं, कापड बसत नाही.

5. हौद रिकामा करण्यासारखा नसेल तर महापालिकेच्या आरोग्य खात्याकडं गप्पी माशांची चौकशी कर — अळ्या खातात आणि पगार मागत नाहीत.

आमच्या घरात मी एक म्हण करून ठेवलीय: बादली उघडी नि बत्ती पेटली, डासांची वरात दारातच भेटली. हसायचं तेवढं हस, पण बादली झाक.

आणखी एक घोळ लोक करतात. मेणबत्ती लावतात दिवेलागणीला, आणि डेंग्यूचा डास चावतो दिवसाउजेडी. सकाळी आणि सूर्य कलल्यावर तर फारच. मलेरियाचा डास रात्रीचा. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉसला सापडला तो 20 ऑगस्ट 1897 ला, आपल्या सिकंदराबादेत, तेव्हापासून डास ओळखून वागायची अक्कल माणसाला मिळाली. तरी आपण अजून सगळ्या डासांना एकाच नावानं शिव्या देतो. तेव्हा दुपारी झोपणाऱ्या लेकराला मच्छरदाणीच हवी. तिथं मेणबत्तीचं काम नाही.

6. लाईट असेल तोवर आधी पंखा लाव — डास उडतो ताशी दोनेक किलोमीटरनं, पंख्याच्या वाऱ्यात त्याला पायापर्यंत पोचताच येत नाही, आणि तुझ्या श्वासाचा मागही विस्कटतो.

7. वळवाच्या पहिल्या सरीनंतर पंख फुटलेल्या वाळव्या बल्बवर तुटून पडतात; तेव्हा अर्धा तास गच्चीवरचा दिवा बंद ठेव, एरवी पिवळा बल्ब लाव — पाखरं पांढऱ्या-निळसर उजेडाला जास्त धावतात, त्यांच्यावर कुठल्याच वासाचा इलाज चालत नाही.

मेण, वात, भांडं

8. पहिलं मेण घरातच शोध: लाईट गेल्यावर अर्धवट जळलेली, वाढदिवसाची, दिवाळीची थोटकं एका डब्यात जमव — मेण शिळं होत नाही, फक्त धूळ खातं, आणि धूळ फडक्यातून गाळली की निघते.

9. बाकीचं पॅराफिन मेण उदबत्ती-मेणबत्तीचं कच्चं सामान विकणाऱ्या दुकानातून किलोवर घे, नगावर नको — पाच-सहा जणींनी मिळून मोठी लादी घेतली तर भाव आणखी उतरतो, आणि गप्पा होतात त्या वेगळ्याच.

10. किती मेण लागेल ते आधी मोज: भांड्यात पाणी भरून मापात ओत, जेवढे मिली भरतील त्याच्या नऊ-दशांश ग्रॅम मेण लागतं — मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून किलोभर मेणात शंभर मिलीच्या दहा-अकरा वाट्या भरतात.

11. पाणी मोजलेलं भांडं पुसून उन्हात खडखडीत वाळव, मगच मेण ओत — तळाशी राहिलेला एक थेंब गरम मेणात तडतडतो, आणि पुढं वातीपर्यंत पोचला की ज्योत विझवतो.

मधमाशीचं मेण मिळालं तर शेराला दोन मुठी मिसळ. ते 62 ते 64 अंशांना वितळतं, साध्या पॅराफिनपेक्षा बहुधा कडक असतं, त्यामुळं एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर बत्ती वाकत नाही. आपल्याच जिल्ह्यात भुदरगडातलं पाटगाव ‘मधाचं गाव’ म्हणून नावारूपाला आलंय. तिकडं जाणं झालं तर मधपाळांना मेण विचारून बघ. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाचं नाव तर जुनंच आहे. अख्खी बत्ती मात्र मधमाशीच्या मेणाची करू नकोस. डासांसाठी एवढी उधळपट्टी पाटलाच्या घरातही कुणी करत नाही.

12. वात सुतीच हवी. घरात सुती दोरा असेल तर तीन पदर घेऊन घट्ट वेणी घाल — नायलॉन-पॉलिस्टरचा दोरा जळत नाही, वितळून गोळा होतो आणि काळा धूर सोडतो.

13. कपभर गरम पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे टाकणखार विरघळवून वात त्यात रात्रभर भिजव, मग दोन दिवस दोरीवर वाळव — अशी वात सावकाश जळते आणि राख कमी धरते. टाकणखार पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नकोस.

14. वाळलेली वात वितळलेल्या मेणात बुडवून धर, बुडबुडे यायचे थांबले की काढ आणि ताणून कागदावर ठेव — बुडबुडे म्हणजे दोऱ्यातली हवा, ती आत राहिली तर बत्ती पेटतानाच रुसते.

15. वातीच्या टोकाला उद्यमनगरातल्या हार्डवेअरच्या दुकानातला छोटा वायसर बांध — वात तळाशी सरळ उभी राहते, आणि शेवटी मेण संपताना जळकी वात लोळून भांड्याच्या कडेला टेकत नाही.

16. भांडं चार बोटांपेक्षा रुंद असेल तर मधोमध एक जाड वात घालण्यापेक्षा दोन-तीन बारीक वाती अंतरानं लाव — एकट्या वातीनं मधे विहीर पडते आणि कडेचं मेण तसंच वाया जातं.

17. भांडं पत्र्याचं किंवा स्टीलचं घे. पातळ काचेचा ग्लास आणि प्लॅस्टिकची वाटी कितीही देखणी असली तरी नको — काच उष्णतेनं तडकते, प्लॅस्टिकचं तर सांगायलाच नको. फुकटच्या वाटीला चीर आधी.

18. करवंटीतली मेणबत्ती फोटोत छान दिसते, तिथंच राहू दे — करवंटी स्वतःच सरपण आहे, मेण संपलं की ती पेटते.

19. मातीचंच हवं असेल तर शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीतून बसकी कुंडी आण आणि पत्र्याचा डबा तिच्या आत बसव — कच्ची माती मेण पिते आणि कडेला ओलसर झालेली माती ज्योतीला वाट देते. डबा आत असला की शोभाही राहते आणि जीवही.

तेल

वासाच्या तेलाबाबत मी जरा कंजूष आहे आणि तूही हो. बत्तीत काम करायचं ते या तेलानंच, पण जास्त घातलं म्हणजे जास्त डास पळतात असं नाही. मेणाला एका मर्यादेपलीकडं तेल धरवत नाही. मग बत्तीला घाम सुटतो, वर तेलाचे थेंब उभे राहतात आणि ज्योत एकदम भडकते. कॅनडातल्या त्या चाचणीतल्या मेणबत्त्यांत तेल होतं तीन टक्के. तेल मागू दे किती, मेण पेलेल तितकंच घालायचं.

20. शंभर मिलीच्या वाटीला तीन मिली सिट्रोनेला तेल घाल, पाच मिलीच्या वर जाऊ नकोस. खोकल्याच्या औषधाचं छोटं माप त्याला पुरतं — फक्त ते माप नंतर पुन्हा औषधाला वापरायचं नाही, त्यावर खूण करून मेणाच्या डब्यात टाक.

21. बाटलीवर नुसता ‘सुगंध’ लिहिलेला असेल तर पुढं चल. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, सिम्बोपोगॉन नार्डस किंवा सिम्बोपोगॉन विंटेरियानस, छापलेलं बघ — वास प्रयोगशाळेतही करता येतो, डासाला त्याचं काही वाटत नाही.

22. शंका आली तर एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी बघ — खरं तेल उडून जातं, तेलकट डाग राहिला तर त्यात खायच्या तेलाची भेसळ आहे.

23. कुंडीतला गवती चहा कापून घरी तेल काढायच्या भानगडीत पडू नकोस, तो चहातच टाक — सिट्रोनेलाच्या किलोभर ओल्या पानांतूनही फार तर दहा मिलीच्या आसपास तेल निघतं, तेही ऊर्ध्वपातनाची भट्टी असेल तर. आणि झाड नुसतं शेजारी उभं राहून डास पळवत नाही. पान चुरडलं तरच तेल सुटतं.

24. वाळलेली पानं, लवंगा, संत्र्याच्या साली मेणात रोवून बत्ती सजवू नकोस — मेण वितळून ज्योत तिथं पोचली की प्रत्येक काडी स्वतःची वात होते.

25. कापूर मेणात घालायचा नाही, डांबरगोळी तर घराबाहेर फेक — कापूर भसकन्‌ पेटतो, आणि डांबरगोळीचा धूर छातीत जायला नको.

26. कडुनिंबाचं तेल बत्तीत नको, अंगासाठी ठेव: खोबरेल तेलाच्या 50 भागांत एक भाग — 1993 साली छापून आलेल्या दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या कामात हे दोन टक्क्यांचं मिश्रण मलेरियाच्या डासाला चांगलं लागू पडल्याचं दिसलं, आणि मेणात मात्र ते मेण मऊ करून धूर वाढवतं. आधी मनगटावर एक बोट लावून दिवसभर बघ.

वितळवणं

इथं घाई करणाऱ्या मुलींवर माझा डोळा असतो. घाईचं मेण, हातावर वण.

27. मेणाचं भांडं थेट गॅसवर कधीच नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेव आणि त्यात मेणाचा डबा — पाणी शंभर अंशांपुढं जात नाही, म्हणून मेणही जात नाही, आणि भडका उडायची वेळच येत नाही.

28. पातेल्यातलं पाणी आटतंय का बघायला तिथंच उभी राहा, फोन बाहेरच्या खोलीत ठेव — आटलेल्या पातेल्यात डबा तळाला टेकला की तो थेट गॅसवर ठेवल्यात जमा.

29. जवळ घट्ट बसणारं झाकण काढून ठेव. मेण पेटलंच तर गॅस बंद कर आणि झाकण सरकवून वर टाक, पाणी मारू नकोस — पाणी पेटत्या मेणाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं मेण छतापर्यंत उसळतं. हा एक मुद्दा घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा.

30. ओढणी खोचून घे, केस बांध, पायात चप्पल असू दे, डबा सांडशीनं धर — सांडलेलं मेण कातडीला चिकटतं आणि झटकलं तरी जात नाही. लागलंच तर ओढून काढू नकोस, आधी बराच वेळ गार पाण्याखाली धर.

31. ताप मोजायचं थर्मामीटर मेणात बुडवू नकोस, हसू नको, लोक बुडवतात — ते बेचाळीस अंशांच्या पुढं मोजतच नाही.

थर्मामीटर नसेल तर डोळ्यानं काम भागतं, फक्त बघायला शीक. गॅसवरून उतरवलेलं मेण सुरुवातीला पाण्यासारखं नितळ असतं, डब्याचा तळ स्वच्छ दिसतो. तसंच ठेव, ढवळू नकोस. थोड्या वेळानं डब्याच्या कडेला, जिथं मेण पत्र्याला टेकतं तिथं, एक पांढुरकी रेघ धरायला लागते. नखाएवढी जाड झाली की समज, वेळ झाली. तेल घालायचं ते आता. याआधी घातलंस तर गरम मेणावरून निम्मं तेल स्वयंपाकघरातच उडून जाईल, घरभर घमघमाट सुटेल आणि तुला वाटेल काय छान झालंय. गच्चीवर नेशील तेव्हा बत्तीत वास उरलेला नसेल. उशीर केलास तर तेल नीट मिसळत नाही, मेणात ढगाळ पट्टे राहतात. तेल घातलं की लाकडी काडीनं सावकाश दोन मिनिटं फिरव, फेस येऊ देऊ नकोस, आणि लगेच ओत.

32. ओतण्याआधी भांडी कोमट करून घे, आणि वात वर उदबत्तीच्या दोन काड्यांमध्ये धरून उभी कर — गार भांड्यात मेण कडेपासून सुटतं, आणि तिरकी वात एकाच बाजूचं मेण खाते.

33. सगळं मेण एकदम ओतू नकोस, वाटीभर मागं ठेव. वर साय धरल्यावर वातीभोवती विणायच्या सुईनं दोन-तीन भोकं पाड आणि उरलेलं गरम करून ओत — गार होताना मेण आकसतं आणि वातीजवळ पोकळी धरतं.

34. फ्रिजमध्ये ठेवून गार करायची हुशारी नको. दोन दिवस झाकून सावलीत राहू दे — एकदम गार झालं तर तडे जातात, आणि वासही मेणात मुरायला वेळ घेतो.

35. उरलेलं मेण मोरीत ओतलंस तर माझं नाव सांगू नकोस. डबा कोमट असतानाच वर्तमानपत्रानं पुसून काढ — पाइपात गार होऊन बसलेलं मेण काढायला प्लंबर जेवढे घेतो, तेवढ्यात वर्षभराच्या बत्त्या होतात.

लावणं आणि जपणं

36. पाहुणे यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लाव, आणि वारा जिकडून येतो तिकडच्या अंगाला ठेव — वास वाऱ्याबरोबर तुमच्याकडं यायला हवा, शेजारच्या गच्चीवर नको.

37. एक मोठी मधोमध ठेवण्यापेक्षा छोट्या चार-पाच भोवतीनं ठेव, त्याही खाली, पायांच्या उंचीवर — डेंग्यूचा डास घोट्यापाशी चावतो, आणि वास हातभर अंतरापलीकडं पातळ होतो. लहान मूल किंवा मांजर असेल तर मात्र उंच कट्ट्यावर. मांजरांना हे तेल सोसत नाही.

38. पत्र्याच्या डब्याखाली फरशीचा तुकडा ठेव — तळ तापतो, आणि भाड्याच्या घरातल्या प्लॅस्टिकच्या टेबलावरचा गोल डाग घरमालकाला बरोबर दिसतो.

39. दर वेळी लावण्याआधी वात पाव इंच ठेवून कापून टाक — टोकाला काळं बोंड धरलं की ज्योत उंच नाचते आणि काजळी सुटते. लांब वातीला काजळी फार, लांब जिभेला वैरी फार.

40. पहिल्यांदा लावलीस की वरचं मेण कडेपर्यंत वितळेतो विझवू नकोस — पहिल्या दिवशी जेवढं वर्तुळ पडतं, पुढं ती तेवढ्यातच जळत राहते.

41. फुंकर मारून नाही, वर झाकण ठेवून विझव — फुंकरीनं गरम मेण उडतं आणि धुराचा लोट तुझ्याच तोंडावर येतो.

42. ही बत्ती घरात, दार लावून कधीच नाही — जळण्याचा धूर बंद खोलीत साठतो. 2003 च्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं दिसलं, मेणबत्ती कॉइलपेक्षा बरी असली तरी काजळी तिचीही आहेच. दम्याचं माणूस बसलं असेल तर उघड्यावरही लावू नकोस.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी धारेला उभ्या असतात ना, त्यांच्या गोठ्यांत जुनी माणसं संध्याकाळी शेणीवर कडुनिंबाचा ओला पाला टाकून धूर करायची. उघड्या परड्यात, जनावरासाठी, तो अजूनही स्वस्तात स्वस्त. गच्चीवर मात्र खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला येतात. शिवाय शेणी कशाला जाळायच्या? आपल्याकडं होळी लहान करून पंचगंगेच्या स्मशानाला शेणी दान द्यायची रीत पडलीय, तिकडं त्यांचं काम आहे.

43. मेण अजिबात परवडत नसेल तर पणतीत करंजाचं तेल घाल, सुती वात सोड आणि वर सिट्रोनेलाचे चार-पाच थेंब — पणती घरात असते, वात हातानं वळता येते, आणि सांडलं तरी मेणाइतका ताप नाही. दिवाळी झाल्यावर उरलेल्या पणत्या कुंभार स्वस्तात देतात.

44. बत्त्या वैशाखात करून ठेव, मृग लागायच्या आत — पावसात हवेला ओल असते, वाती नीट वाळत नाहीत, आणि तेव्हा सगळ्यांनाच मेण हवं असतं.

45. घरातल्या साध्या मेणबत्त्या आणि गच्चीवरच्या वासाच्या बत्त्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेव — 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेच्या पुरानं वस्त्या वेढल्या, लाईट गेले, तेव्हा अंधारात हाताला येईल ते बंद खोलीत पेटवलं जातं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर धोका. 39 ऐकलंस की काड्याची पेटी आणि साध्या मेणबत्त्या वरच्या फळीवर.

46. पूर ओसरल्यावर आधी अंगणातल्या खड्ड्यांतलं पाणी काढ, भांडी पालथी घाल, बत्त्यांचं नंतर बघू — त्या आठवड्यात डास जितके होतात तितके बत्तीच्या आवाक्यातले नसतात. ताप आला तर दोन दिवस वाट न बघता रक्त तपासून घे.

47. साडीवर मेण सांडलं तर ओलं असताना चोळू नकोस. बर्फ लावून कडक झालं की खरवडून काढ, मग खाली-वर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरव — कागद मेण ओढून घेतो. छापील वर्तमानपत्र नको, शाई साडीवर उतरते. आणि साडी माझी असेल तर आधी मला फोन कर.